आत नऊ डिग्री

दत्तोपंत : मिस्त्री, तुम्ही आधी कॉम्प्रेसर उघडा. बाकी कुठे हात लावायची गरजच नाही. माझा ओरिजिनल कॉम्प्रेसर काढून तिथे डुप्लिकेट बसवलाय, हे मला त्या मोठ्या काचेच्या गॅरेजवाल्याने स्पष्ट सांगितलं.

हरिदास : उघडून पाह्यला त्यानं?

दत्तोपंत : उघडला नाही. पण अनुभवी माणूस आहे, वरूनच ओळखलं.

हरिदास : मंग तो ज्योतिषी असन, मिस्त्री नसन. तुम्ही आंधी खाली उतरा बरं साहेब. सदरा पार भिजला तुमचा. चहा सांगू?

दत्तोपंत : नको, मी बाहेरचं काही घेत नाही. पाण्याची बाटली आहे माझी. आणि भिजणार नाही तर काय? चौबे कॉलोनीपासून इथे बीरगांवपर्यंत स्वतः चालवत आलो. ह्या वयात! बाहेरून लू, आतून गरम वारा. सहा वर्षांची गाडी हो, काचेसारखी ठेवली होती. तो तिथे भिंतीला टेकून उभा आहे ना, त्याने वाट लावली तिची.

प्रशिक : टेकून नाही उभा, काका. सीधा उभा आहे.

हरिदास : हा कोण?

दत्तोपंत : ड्रायव्हर. होता. गेल्या महिन्यात काढला.

प्रशिक : काढलं त्याचं काही नाही, मामा. ज्याची गाडी त्याची मर्जी. पण साऱ्या कॉलनीत सांगून दिलं का प्रशिक गाडीचे पार्ट बदलून विकते. तिथल्या क्षमा डॉक्टर आहेत, दातांच्या. त्यांच्याकडे माझी बात पक्की झाली होती. त्यांनी काकांना विचारलं, पोरगा कसा आहे? काका म्हणे, हात साफ नाहीत त्याचे. बस. खतम.

दत्तोपंत : मला विचारलं, मी मला माहीत होतं ते सांगितलं. शेजारधर्म आहे तो.

प्रशिक : आज दुपारपर्यंत मॅडम दुसरा ड्रायव्हर पाहून घेतात. म्हणून काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो सकाळीच. म्हटलं, मिस्त्री तुम्ही निवडा. गाडी माझ्यासमोर उघडा. चोर निघालो तर चौबे कॉलोनीत पाय नाही ठेवणार. नाही निघालो तर इथूनच, उभ्या उभ्या, मॅडमले फोन लावायचा.

हरिदास : कबूल आहे साहेब?

दत्तोपंत : कबूल आहे. त्याशिवाय का आलो? रेल्वेतले रिटायर मिस्त्री आहेत, एसी डब्यांवर काम केलेले, कुणाची भीडभाड ठेवत नाहीत, असं ऐकलं म्हणून आलो. पण थांबा. हा तुम्हाला मामा कसा काय म्हणतो? नात्यातला आहे का?

हरिदास : या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पोट्टेसोट्टे सारेच मले मामा म्हणते. भाजीवालीही म्हणते. तुम्ही म्हटलं तरी मले चालते.

दत्तोपंत : तसं नाही. आपलं विचारलं. मूळचे कुठले तुम्ही?

हरिदास : वर्ध्याकडचे. आजा रेल्वेत खलाशी होता, तो आला इकडं.

दत्तोपंत : अरे वा, आम्हीही तिकडचेच, आर्वीचे. आडनाव काय म्हणालात?

हरिदास : म्हटलं नाई अजून. आंधी गाडी पाहू का आडनाव पाहू?

दत्तोपंत : गाडी, गाडी. चिडता काय असे?

हरिदास : चालू करा. एसी कितीवर ठेवता?

दत्तोपंत : चोवीस, ऑटोवर. घेतल्यापासून चोवीसच. इंदूला, म्हणजे आमच्या मंडळींना, त्याखाली सर्दी व्हायची. ती गेल्याला दोन वर्षं झाली, पण आकडा मी बदलला नाही.

हरिदास : हव. चोवीसवर वारा गरम येऊन राहिला, हे खरं. आता हे बटन खाली दाबा. दाबत राहा. पार शेवटपर्यंत, आकडा जाऊन अक्षर येईपर्यंत. आलं? आता हात ठेवा इथं.

दत्तोपंत : अरेच्चा!

हरिदास : काय झालं?

दत्तोपंत : गार. चांगलीच गार हवा आहे. हे कसं काय? महिना झाला, मी भाजून निघतोय.

हरिदास : तुम्ही चोविसाच्या खाली उतरलेच नाई ना साहेब. पार खालच्या टोकाले नेलं का ही गाडी कोणाले काही विचारत नाई, जेवढं थंड करता येते तेवढं करते. म्हणजे गॅस हाये, कॉम्प्रेसर चालू हाये. कोणाचं काही चोरीले गेलं नाई.

दत्तोपंत : चालू असेल. पण डुप्लिकेटही चालूच असतो. गार देतो म्हणजे ओरिजिनल आहे, असं कुठे आहे?

प्रशिक : पाहा मामा. अब ये सुनो.

हरिदास : बरोबर बोलले साहेब. शंका ठेवूच नये. बोनेट उघड रे प्रशिकबाबू. साहेब, इकडं या. वाका जरा. हे चार बोल्ट. कंपनीत कसले का त्याच्यावर पिवळी रेघ मारते, अर्धी बोल्टावर अन् अर्धी लोखंडावर. एकदा पाना फिरला का ती रेघ मोडते, मंग साता जन्मात जुळत नाई. मले चष्म्याशिवाय दिसत नाई. तुम्हीच सांगा, कशी हाये?

दत्तोपंत : ...सलग दिसते.

हरिदास : चारही?

दत्तोपंत : चारही.

हरिदास : अन् वर धूळ किती? सहा वर्षांची पापुद्री हाये. काल-परवा बसवलेल्या पार्टावर अशी धूळ जमते का?

प्रशिक : फोन लावा काका.

दत्तोपंत : थांब रे! दोष अजून सापडला कुठे? चोवीसवर गरम का येते, ते कळू दे. एखादी वायर ओढून ठेवली असेल तू. काढलं म्हणून राग होताच तुला.

प्रशिक : काढलं एसी बिघडला म्हणून. अन् एसी बिघडवला काढलं म्हणून? हिसाब तो लगाओ काका, पहिले काय झालं!

हरिदास : चूप बस. भांडणात मशीन नाई समजत. हे पाहा साहेब, हा स्कॅनर. हा जोडला का गाडीच्या मनात काय चालू हाये ते दिसते. तुम्ही कुठं होते नोकरीले?

दत्तोपंत : हेडक्लार्क होतो. सिंचन विभागात.

हरिदास : मंग वाचायची सवय हाये तुमाले. वाचा. मोठ्यानं वाचा, त्या पोट्ट्यालेही ऐकू द्या. बाहेरची हवा?

दत्तोपंत : त्रेचाळीस.

हरिदास : खरं हाये का?

दत्तोपंत : असेल. जास्तच असेल.

हरिदास : आतली हवा?

दत्तोपंत : नऊ.

हरिदास : पुन्हा पाहा.

दत्तोपंत : नऊच लिहिलंय. नऊ डिग्री. चुकतंय तुमचं यंत्र. मी ह्या गाडीत घामाने न्हालोय.

हरिदास : यंत्र नाई चुकत. गाडीले खरंच तसं वाटते. तुम्ही आत भाजून राहिले, अन् गाडी समजते का आत नऊ डिग्री हाये, म्हातारा कुडकुडून राहिला, त्याले जरा ऊब द्या. म्हून चोवीसवर ती गरम हवा सोडते. गाडी इमानदार हाये बिचारी. तिले सांगणाराच खोटं सांगून राहिला.

दत्तोपंत : कोण सांगणारा?

हरिदास : सेन्सर. आतल्या हवेचा सेन्सर. डाळीच्या दाण्याएवढा असते. ह्या गाडीत तो कुठं बसतो, माहीत हाये?

दत्तोपंत : मला कसं माहीत असणार?

हरिदास : स्टेअरिंगच्या बाजूले ही बारकी जाळी. हिच्यातून गाडी आतली हवा हुंगते. मागं पंखा असते इवलासा, तो हवा ओढते, अन् सेन्सर सांगते का किती गरमी हाये. हे तुमचे गणपती थोडे सरकवा बरं. तुम्हीच सरकवा, मी नाई हात लावत. बाबू, फडकं दे, पांढरं. काढतो जाळी.

(हरिदास जाळी फडक्यावर उलटी करून ठोकतो.)

प्रशिक : बाप रे.

दत्तोपंत : हे काय आहे? माती?

हरिदास : माती राखाडी नसते. अन् मातीले मोगऱ्याचा वास येत नाई. हुंगा.

दत्तोपंत : मोगराच आहे.

हरिदास : अजून पाहा. ही बांबूची काडी. ही अजून एक. ही तिसरी. टोकाशी जळालेल्या. साहेब, गाडीत अगरबत्ती कोण लावते?

दत्तोपंत : मी लावतो. रोज, गाडी बाहेर काढायच्या आधी. त्यात वाईट काय?

हरिदास : काहीच वाईट नाई. लावता कुठं?

दत्तोपंत : तिथे... त्या जाळीत. गणपतीच्या अगदी शेजारी येते ना ती. आणि तिची भोकं बरोबर काडीच्या मापाची आहेत. मला वाटलं, कंपनीनेच दिलीत.

हरिदास : कायले दिली?

दत्तोपंत : अगरबत्तीसाठी. आपल्याकडच्या लोकांसाठी. हसता काय? इतकं सगळं देतात गाडीत. मोबाईलला जागा देतात, गॉगलला जागा देतात. देवाला नाही देणार?

हरिदास : हसत नाई साहेब. चौतीस वर्ष एसीचं काम केलं, पण हे नाई पाह्यलं कधी. विस्तव रोज सेन्सरच्या उरावर. जळत जळत आला तो, अन् वरून राखेची रजई. आता मीटरवर पाहू. बाबू, रसवंतीवाल्याकडून बरफाचा खडा आण.

प्रशिक : डोक्यावर ठेवायला आणला होता मघाशीच, गमछ्यात आहे. घ्या.

हरिदास : साहेब, पुन्हा वाचा. बरफ लावला सेन्सरले. आकडा हालला?

दत्तोपंत : नाही.

हरिदास : आता मुठीत धरला. गरम मूठ हाये माही. हालला?

दत्तोपंत : नाही. तोच आहे.

हरिदास : मीटरचा आकडा डिग्रीच्या उलटा चालते; सेन्सर चांगला असता तर बरफाले वर चढला असता, मुठीत खाली आला असता. मेला हा. आता त्याले स्वर्ग दाखवा का नरक, तो नऊच म्हणन.

दत्तोपंत : पण राख आत जाईपर्यंत हा काय करत होता? विचारा ना ह्याला! सहा वर्षं गाडी ह्याच्या हातात होती. रोज पुसायचं कामच होतं ह्याचं. पुसली असती तर आज ही वेळ आली असती का? म्हणजे निष्काळजीपणा ह्याचाच. चोरी नसेल, पण हलगर्जी आहेच.

प्रशिक : आता बोलू का, मामा?

हरिदास : बोल.

प्रशिक : काका, पहिल्या वर्षीची दिवाळी आठवते? गाडी धुतली, आतून पुसली. गणपतीखाली राख होती, ती फडक्यानं पुसली. मूर्ती उचलून पुसली अन् परत ठेवली. तुम्ही फाटकातून पाहत होते. काय म्हणाले होते?

दत्तोपंत : इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतं?

प्रशिक : माझ्या आहे. आरडाओरडा नाही केला तुम्ही. हळूच म्हणाले, प्रशिक, तेवढ्या जागेला हात लावत नको जाऊ. तिथलं मी माझं पुसत जाईन. अन् मग मूर्ती घरात नेली. दुसऱ्या दिवशी आणली तेव्हा ओली होती. धुतली होती तुम्ही.

दत्तोपंत : पूजेचं सोवळं असतं रे. ते सगळ्यांनाच असतं. आमच्या घरातल्या पोरांनाही असतं.

प्रशिक : असू द्या. मी कुठं काही म्हटलं? सहा वर्ष बाकी गाडी आरशासारखी ठेवली. टायरच्या खाचेतले खडे काढले काडीनं. तेवढी एक वीतभर जागा सोडून पुसत राहिलो. फडकं तिथं आलं की आपोआप थांबायचं. एकदा बोललो पण होतो, काका, या जाळीत काडी नका खोचू, आत काहीतरी आहे, वितळेल. तुम्ही म्हणाले, तुला ह्यातलं काय कळतं?

दत्तोपंत : मी पूजेबद्दल म्हणालो असेन.

प्रशिक : मी जाळीबद्दल बोललो होतो.

हरिदास : अन् महिन्याभरापासून हे तुह्या डोक्यात होतं? मंग काढलं तवाच काहून नाई बोलला?

प्रशिक : काय बोलू मामा? तुमच्या अगरबत्तीनं एसी बिघडला, असं मी बोलू? मी? उद्या कॉलनीत म्हटलं असतं, ह्या लोकांना आपला देवच खुपतो. चोर म्हणलेलं परवडलं. निदान बोल्ट पाहून खोटं ठरवता येते.

दत्तोपंत : ह्या लोकांना, त्या लोकांना, असं मी कधी बोललोय तुझ्याशी? दिवाळीला कपडे दिले. तुझ्या बहिणीच्या लग्नात कुकर दिला.

प्रशिक : दिला. काकूंनी दिला. अन् काकूंना ॲटॅक आला त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. तिसरा मजला. मी त्यांना दोन्ही हातांवर घेऊन चढलो, तुम्ही मागून चपला घेऊन येत होते. तेव्हा हात साफ होते माझे?

दत्तोपंत : इंदूचा विषय नको काढू इथे.

प्रशिक : नाही काढत.

दत्तोपंत : मी विसरलेलो नाही ते. तुला काय वाटतं, मी विसरलोय?

प्रशिक : मला काय वाटते, ते जाऊ द्या. फोन लावा.

हरिदास : थांबा, माझं काम होऊ द्या. हा सेन्सर एका ठोकलेल्या गाडीतला हाये, पण चांगला हाये. लावला. राख झटकली, पंखा फिरते. साहेब, वाचा आता. आतली हवा?

दत्तोपंत : एकोणचाळीस... अडतीस. चोवीसवर ठेवू?

हरिदास : तुमचा आकडा हाये, ठेवा.

दत्तोपंत : गार येतेय. सदतीस. छत्तीस. वा! देवासारखे भेटलात मिस्त्री.

हरिदास : देवाले मधात नका आणू. अगरबत्ती घरी लावा, नाई तर डॅशबोर्डावर वाटी ठेवा वाळू भरून. अन् जो बोलला त्याचं ऐकत जा. पोट्टा खरं बोलत होता.

दत्तोपंत : हो, ते ठीक आहे. प्रशिक, असं करू या का? झालं गेलं विसरून जा. तू माझ्याकडेच ये परत, उद्यापासून. तुझ्याइतकी कुणी जपणार नाही ही गाडी.

प्रशिक : अन् ती वीतभर जागा?

दत्तोपंत : काय?

प्रशिक : ती कोण पुसेल?

दत्तोपंत : ती... मी पुसत जाईन ना. आता नीट पुसत जाईन.

प्रशिक : फोन लावा काका. दीड वाजला.

दत्तोपंत : घरी गेल्यावर निवांत लावतो. इथे मशीनचा किती आवाज आहे.

हरिदास : मशीन बंद करतो.

दत्तोपंत : बरं, बरं. इथेच गाडीत बसून लावतो, बाहेर ऊन आहे. ...हॅलो, क्षमाताई? दत्तोपंत बोलतोय, सतरा नंबर. ...हो, गाडी झाली. आता बर्फासारखी गार आहे. ...नाही हो, तो काचेचा गॅरेजवाला मूर्खच निघाला. कॉम्प्रेसर ओरिजिनल आहे, मी स्वतः पाहिला. सेन्सर गेला होता एक. ...कशाने म्हणजे, कंपनीचाच माल कच्चा असतो अलीकडे. ...हो, त्यासाठीच फोन केला. त्या मुलाचा काही दोष नव्हता. माझा जरा गैरसमज झाला होता. ...नाही, नाही, खुशाल ठेवा. गाडी उत्तम चालवतो, वेळेवर येतो, उलट बोलत नाही. ...सोमवारपासून? सांगतो, सांगतो त्याला. ...काय? ...नाही हो, आपल्यातला नाही. नाही. पण अगदी स्वच्छ असतो. ...तुम्ही एकदा सांगून ठेवलंत ना, की कशाला हात लावत नाही. ...बरं, ठेवतो.

(हरिदास स्कॅनरची वायर काढून गुंडाळतो.)

दत्तोपंत : झालं बघ तुझं काम! सोमवारी नऊ वाजता बोलावलंय. आता तरी राग गेला ना? अरे, असा काय उभा आहेस? ऐकलंस ना?

प्रशिक : ऐकलं, काका. सगळं ऐकलं.

दत्तोपंत : मग?

प्रशिक : काही नाही. दार लावून घ्या. थंड हवा बाहेर जाऊन राहिली.